मोसंबीची साल आणि हिरवी बुरशी

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या ज्यूसच्या गाडीखालील टोपलीत मोसंबीच्या साली साचत आहेत. त्यांतली एक ताजी साल मेणबत्तीजवळ दुमडून दाबली की तुषार उडतात आणि ज्योत तडतडते. हे जळणारे तेल बव्हंशी लिमोनीन असते. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंच्या या टर्पीनमध्ये (टर्पीन म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांत आढळणाऱ्या संयुगांचा एक वर्ग) ऑक्सिजनचा एकही अणू नसतो.

टोपलीच्या तळाशी नासलेल्या एका मोसंबीवर हिरवी भुकटी धरली आहे. फळवाल्याला नकोशी असलेली ही पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची बुरशी प्रयोगशाळेत मात्र कामाची ठरते, कारण ती लिमोनीनला पाण्याचा एक रेणू जोडून त्याचे अल्फा-टर्पिनिऑल करते, ज्याचा गंध फुलासारखा सौम्य असतो. ऱ्होडोकॉकस वंशातील काही जिवाणू लिमोनीनपासून कार्व्हिऑल आणि त्यापासून कार्व्होन तयार करू शकतात. कार्व्होनचा रेणू आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब यांचे वास निराळे आहेत: एक चटणीतल्या पुदिन्याचा, दुसरा बाळंतशेपेचा. ही डाव्या-उजव्याची पारख सूक्ष्मजीवांच्या एन्झाइमना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, उपजतच असते.

अडचण अशी की टर्पीन पेशीच्या पटलात शिरून ते खिळखिळे करते. म्हणजे ज्याच्याकडून काम करून घ्यायचे, त्याच्याच जिवावर कच्चा माल उठतो. म्हणून तो थोडाथोडा घालतात, किंवा भांड्यात पाण्यावर तेलाचा थर ठेवतात, जो टर्पीन धरून ठेवतो आणि तयार झालेला सुगंधही शोषून घेतो. शिवाय लिमोनीन हवेबरोबर उडून जाते, आणि काही जिवाणू तर त्याचे रूपांतर करण्याऐवजी ते सरळ खाऊन टाकतात.

इतका खटाटोप करण्यामागे कायद्याचेही कारण आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमांनुसार वनस्पतीजन्य कच्च्या मालावर सूक्ष्मजीवांनी प्रक्रिया करून मिळवलेला स्वाद ‘नैसर्गिक’ म्हणता येतो. तोच रेणू रासायनिक संश्लेषणाने बनवला, तर म्हणता येत नाही.

नाशिकच्या वायनरींना हे काम परके नाही. हंगामात टाकीत गेलेल्या द्राक्षरसातील यीस्ट साखरेचे अल्कोहोल करता करता जिरेनिऑल या टर्पीन-अल्कोहोलचे काही प्रमाणात सिट्रोनेलॉल करते. मस्कट जातीच्या द्राक्षांत जिरेनिऑल विशेष असते, पण त्याचा मोठा भाग साखरेला बांधलेला असल्यामुळे त्याला वास येत नाही; ते बंध एन्झाइमने तुटले की गंध मोकळा होतो. पांढऱ्या वाइनची टाकी थंड ठेवतात, त्याचे एक कारण हेच, की जोरात उसळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर हा सुगंध झाकणावाटे निघून जाऊ नये.