पातळी किती?

(दृश्य : सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला मातकट रेघ.)

दोनदा रंग दिला, तरी ही रेघ वर येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराची. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. आईची शिलाई मशीन खाली राहिली.

गिटारवाल्या लेकीनं नवा अल्बम याच खोलीत रचला. गाणी आठ, बाज पॉप-रॉक.

पहिलं गाणं मशीनवर. आई पायडल मारते, ड्रम त्याच लयीत चालतो. दुसऱ्या कडव्यात पंचनाम्याला आलेले साहेब दारातूनच विचारतात, ‘मशीनची पावती आहे का?’ तिथं ड्रम थांबतो. ती आवाज चढवत नाही. ओळ नुसती बोलून टाकते, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

तिसरं गाणं ऊसबिलाचं. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे मिळावेत, असा नियम आहे. गाण्यातले बाबा रोज विचारतात, ‘मेसेज आला का बघ गं.’ चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. एवढंच.

प्रेमाची दोन गाणी आहेत, बरी आहेत. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवरचं गाणं मात्र भाषण झालंय. त्यापेक्षा आमच्याकडं चहाच्या गाड्यावर हा विषय जास्त रंगतो.

घरचं दुखणं आणि राज्याचं भांडण एका गाण्यात बसवणं या जिल्ह्याला नवं नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझी मैना’ या छक्कडीत, म्हणजे लावणीच्या बाजाच्या गाण्यात, बायकोचा विरह गात गात संयुक्त महाराष्ट्राचा सवाल मांडला. तिथं ढोलकी होती, इथं बेस गिटार.

(दृश्य : मिरज. तंबोऱ्याच्या घोडीवर वाकलेला कारागीर.)

शेवटच्या गाण्याला तंबोरा मिरजेचा. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो. जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलते. त्या गुंजनावर इलेक्ट्रिक गिटार चढते. कागदावर विचित्र वाटेल, कानाला नाही.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. रात्र.)

हे गाणं घरीच रेकॉर्ड केलं. मध्येच पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘पातळी किती झाली गं?’

तो तिनं काढलेला नाही.