पहिला मोलाचा घडीचा चाकू आणि गोव्याची हवा

मंडळी, खिशात मावणारा, पातं मुठीत मिटणारा एक चाकू तीस-चाळीस हजारांना घेतला म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न येतो, "एवढ्या पैशांत हा असं काय वेगळं कापतो?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर असं, की फार वेगळं काही कापत नाही. माडाची सूर काढणारा रेंदेर माडावर चढताना कमरेला जी काती लावतो तिची धार कुठल्याही महागड्या चाकूला भारी पडेल. घरातली आदोळी, म्हणजे विळी, मासळीपासून नारळापर्यंत सगळं निभावते. नुसतं कापायचंच असेल तर फ्रान्सचा ओपिनेल घ्या. १८९० पासून तो बनतोय, लाकडी मूठ, पातळ पातं, आणि १९५५ पासून पात्याच्या मुळाशी फिरणारी कुलपाची कडी. कांदा चिरताना तो वीसपट किमतीच्या चाकूला मागे टाकतो. मात्र आपल्याकडे जुलै लागला की त्याची मूठ ओल धरून फुगते आणि पातं आत अडकून बसतं. नखाने ओढून निघत नाही, मूठ आपटावी लागते.

इथून आपला विषय सुरू होतो. वरचे पैसे जुळणीचे असतात.

घडीच्या चाकूत पातं एका खिळ्याभोवती फिरतं. त्याला पिव्हट म्हणू. उघडलेलं पातं एका आडव्या पिनेवर टेकतं आणि मागून लॉक येऊन त्याला थोपवतो. पिव्हट, पिन आणि लॉक, या तीन जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जमल्या तर उघडा चाकू अखंड पोलादासारखा लागतो. अडचण अशी, की पात्याला पाणी देताना, म्हणजे हजार अंशांच्या वर तापवून झपाट्याने थंड करताना, पोलाद थोडं वाकतं आणि त्याचं मापही बदलतं. स्वस्त चाकूत ही खोट सैल जुळणीत मुरवून टाकतात. चांगला कारागीर पाणी दिल्यावर पातं पुन्हा घासून सपाट करतो, पिव्हटचं भोक परत मापात आणतो आणि लॉकचं तोंड त्या एका पात्यासाठी हाताने बसवतो. ही मजुरी मोठी असते, आणि ती पोलादाच्या नावात कुठेच लिहिलेली नसते.

या जुळणीचा मापदंड म्हणून अजूनही ख्रिस रीव्ह यांच्या सेबेंझा या चाकूकडे बोट दाखवलं जातं. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, पुढे अमेरिकेत आयडाहोतल्या बॉयझीला स्थायिक झाले. 'सेबेंझा' हा झुलू शब्द, अर्थ 'काम'. त्याआधी अमेरिकन चाकू-कारागीर मायकल वॉकर यांनी लायनर लॉक घडवला होता. त्यात मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्यामागे सरकते. रीव्ह यांनी वेगळी पट्टी काढूनच टाकली, टायटॅनियमच्या मुठीची एक बाजू चिरून तिलाच लॉक केलं. आज शेकडो कंपन्या हाच फ्रेम लॉक करतात. पहिला मोलाचा चाकू म्हणून साध्या टायटॅनियमचा, नक्षी-दागिने नसलेला फ्रेम लॉकच घ्यावा असं माझं मत आहे. त्यात लपवायला जागा नसते, म्हणून डोळा तयार होतो.

आता तो हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो.

मिटलेला चाकू उजेडाकडे धरा आणि वरून आत बघा. पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध हवं. टोक एका बाजूला झुकलं असेल तर पिव्हटचा स्क्रू किंचित सैल-घट्ट करून कधीकधी सुधारतं. स्क्रू फिरवूनही सुधारलं नाही, तर पातं किंवा मूठ वाकडी आहे. मग चाकू उलटा धरून झटका द्या. पातं बाहेर यायला नको. मिटलेलं पातं जागेवर ठेवायला लॉकच्या पट्टीवर एक बारीक गोळी असते आणि पात्यावर तिच्यासाठी खळगा असतो. ही पकड ढिली असेल तर तो चाकू खिशात घालण्याजोगा नाही.

उघडल्यावर लॉक पात्याच्या बुडाशी किती आत आला आहे ते पाहा. नव्या चाकूत बुडाच्या जाडीच्या साधारण तीस ते पन्नास टक्के आत असावा. वापराने टायटॅनियम झिजतं आणि लॉक हळूहळू आत सरकतो, तेव्हा नव्यातच ऐंशी टक्क्यांवर पोचलेला लॉक म्हणजे पुढचं आयुष्य आधीच खर्च झालेलं. टायटॅनियम पोलादाला चिकटतंही. उघडलेला चाकू मिटताना लॉक अंगठ्याला सुटत नाही, चिकटून बसतो, तो याच कारणाने. म्हणून हल्ली लॉकच्या तोंडाला पोलादाचा तुकडा जोडतात. २०१९ च्या सेबेंझा ३१ मध्ये तिथे सिरॅमिकची गोळी आली.

पुढची परीक्षा खेळाची, म्हणजे उघडलेलं पातं सैल हलतं का याची. मूठ घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पातं जाड कण्याकडून पकडा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. तिथे किंचित हालचाल असेल तर ती पिव्हटच्या स्क्रूची, तो अष्टमांश फेरा आवळला की जाते. आता तेच वर-खाली हलवा. इथे खेळ जाणवला तर तो लॉकच्या भूमितीचा दोष आहे, कुठलाही स्क्रू आवळून तो जात नाही. दुकानदार म्हणेल, वापरून बसेल. बसत नाही. तो चाकू परत करा.

मग धार. दोन्ही बाजूंची धारेची पट्टी सारख्या रुंदीची आहे का, मुळापासून टोकापर्यंत सारखी जाते का, ते बघा. धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे हे कॅलिपरने मोजता आलं तर फार उत्तम: ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर चाकू कापतो, ०.८ असेल तर तो पाचर ठोकल्यासारखा फोडतो. गाजरात उभा चीर घ्या, लगेच कळतं. शेवटी चाकू मुठीत दाबून धरा, अंगठीसारखं काही टोचतं का बघा. कडा हाताने मारल्या आहेत की यंत्रातून निघाल्या तशा सोडल्या आहेत, हे बोट डोळ्याआधी सांगतं.

पिव्हटवर पातं कशावर फिरतं यावरही पुष्कळ अवलंबून आहे. फॉस्फर ब्राँझचे वॉशर असतील तर पातं जड, तेलात बुडाल्यासारखं संथ फिरतं, आणि काही शे वेळा उघड-मीट केल्यावर रेशमी होतं. बारीक गोळ्यांचे बेअरिंग असतील तर बोटाच्या एका टिचकीने पातं उडतं. ते आवडणं साहजिक आहे. पण मिरामारला किंवा मोरजीला एक संध्याकाळ काढून आलेल्या खिशात वाळू असतेच. ती गोळ्यांमध्ये शिरली की पातं खरखरतं. वॉशरवर फारसा फरक पडत नाही. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने पहिला चाकू वॉशरचाच घ्यावा.

पोलादाबद्दल आता, कारण गोव्यात तेही जुळणीइतकंच मोलाचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पावसाळ्यात दमट हवा आणि बारा महिने खारा वारा. पोलादात मिसळलेलं क्रोमियम हवेशी मिळून त्यावर एक न दिसणारा पातळ थर धरतं, तो गंज थोपवतो. मिठातला क्लोराइड हा थर एखाद्या बिंदूवर फोडतो आणि तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा खोल जातो. वरून फक्त काळा ठिपका दिसतो.

माहितीपत्रकात क्रोमियमचा आकडा बघून निर्णय घेणारे इथे फसतात. डी२ या पोलादात १२ टक्के क्रोमियम असतं, तरी ते आपल्या हवेत गंजतं, कारण त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि क्रोमियमचा मोठा वाटा कार्बनशी बांधला जाऊन कठीण कणांत अडकतो. थर धरायला पुरेसं मोकळं क्रोमियम उरत नाही. याउलट धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेल्या, २०२१ मध्ये बाजारात आलेल्या मॅग्नाकट या पोलादात क्रोमियम ११ टक्क्यांच्याही आतच आहे, पण पाणी दिल्यावर ते जवळजवळ सगळं मोकळं असतं, कठीण कण व्हॅनेडियम आणि नायोबियमचे असतात. म्हणून ते खाऱ्या हवेत भक्कम टिकतं. एम३९० हे पोलाद चालेल, एस३५व्हीएनही चालेल पण पुसत राहावं लागेल. साधं कार्बन पोलाद आणि दमास्कस नक्षीचं कार्बन पोलाद पहिल्या खरेदीत नको. दमास्कसच हवं असेल तर स्टेनलेस पावडरीपासून बनलेलं घ्या. आमसुलाचं आगळ किंवा कैरी कार्बन पात्यावर पाच मिनिटं राहिली की निळाकाळा डाग धरतो. वापरातल्या चाकूवर तो शोभतो, संग्रहातल्यावर नाही.

मुठीच्या बाबतीत एकच गोष्ट, आणि ती कायद्याची. हस्तिदंत आणि हरणाचं शिंग टाळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे अंगाशी येतं. टायटॅनियम, मायकार्टा (राळेत दाबलेले कापडाचे थर), कार्बन फायबर, यांना इथली हवाही बाधत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात, आपले चाकू साडेतीन इंचांच्या आसपासचे, म्हणजे त्याच्या बरेच खाली. पण खटका दाबताच स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंच्या वाटेला जाऊ नका. दिल्लीत १९८० पासून ठरावीक मापापुढच्या अशा चाकूंवर निर्बंध आहेत. निवडणुकीच्या दिवसांत मनाई आदेश निघाले की चाकू घरीच राहू द्या. विमानतळ दाबोळी असो की मोपा, तो हातातल्या बॅगेत कधीच नको.

खरेदी करताना चाकूआधी विक्रेता पारखा. सेबेंझाच्या नकला इतक्या आहेत, की फोटोवरून ओळखणं अवघड. पेटी, तारखेचं कार्ड आणि मूळ पावती मागा, आणि विक्रेत्याला आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो काढायला सांगा. जुना चाकू असेल तर स्क्रूची तोंडं भिंगाने बघा. टॉर्क्सचे, म्हणजे तारेसारख्या सहा टोकांच्या खाचेचे, कोपरे गोल झाले असतील तर आत कुणी तरी चुकीच्या पान्याने शिरलेलं आहे. धारेची पट्टी एका बाजूला रुंद झाली असेल तर तो पट्ट्याच्या यंत्रावर परजलेला आहे, आणि तिथे तापून धारेचं पाणी उतरलेलं असण्याची शक्यता मोठी. परदेशातून मागवला तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी धरूनच किंमत मोजा.

आता घरी आणलेल्या चाकूचं. कातडी म्यान हे बाळगायचं असतं, ठेवायचं नव्हे. कातडं ओल शोषतं, त्यात कमावताना राहिलेली आम्लं आणि क्षार असतात, आणि म्यानात ठेवलेलं पातं आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, ते नवरात्र एवढ्यात ठिपके धरतं. फोम लावलेली शोभेची पेटीही तशीच. घट्ट झाकणाचा डबा, शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, एवढ्यावर काम होतं. आकडा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास भाजा, परत कामाला येतं.

याहून बरा उपाय म्हणजे तो रोज वापरणं. मानकुराद आंबा कापा, पार्सलची दोरी तोडा, मग गोड्या पाण्याने धुऊन पिव्हटजवळचं पाणी फुंकून टाका आणि पुसा. हातातला चाकू रोज पुसला जातो, म्हणून ठिपका पहिल्या दिवशीच दिसतो. दिसला तर खायच्या सोड्याची पेस्ट आणि मऊ कापड. पॉलिश कागद लावलात तर डाग जाईल आणि मूळ घासणीही जाईल. धार लावायला हिऱ्याची पट्टी लागते, कारण या पोलादांतले व्हॅनेडियमचे कण नेहमीच्या दगडापेक्षा कठीण असतात. दगड त्यांच्या भोवतीचं पोलाद खातो आणि धार येत नाही. प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश, हलका हात.

तेलासाठी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन उत्तम. बेचव असतं, आंबत नाही, अन्नाला चालतं. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकट बनतं. पिव्हटच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाने एकेक थेंब, दहा-बारा वेळा उघड-मीट, आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. लॉकच्या तोंडाला आणि ते जिथे टेकतं त्या पात्याच्या बुडाला मात्र तेलाचा अंशही राहू देऊ नका. ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, कारण लॉक घर्षणावर धरतो आणि तेलकट झाला तर दाबाखाली सरकतो.