जुन्या पद्मिनीच्या रेडिएटरवर विजेवर चालणारा पंखा बसवताना

नमस्कार मंडळी. माझ्या मागे उभी आहे ती प्रीमियर पद्मिनी. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट या नावाने ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिच्या रेडिएटरवर, म्हणजे इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या जाळीवर, विजेवर चालणारा पंखा कसा बसवावा, हे आज पाहू. तुमच्याकडे त्या काळातली दुसरी एखादी गाडी असली, तरी मापे तेवढी बदलतील. पद्धत हीच राहील.

पंखा विकत घेण्यापूर्वी आपली गाडी नेमकी केव्हा गरम होते, याकडे नीट लक्ष द्या. सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत तापमानाचा काटा वर चढत असेल आणि गाडी चालू लागताच खाली येत असेल, तर रेडिएटरच्या जाळीतून पुरेशी हवा जात नाही असे समजावे, आणि हा पंखा नेमका तेथेच उपयोगी पडतो. खंबाटकीसारख्या घाटात मालट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडतानाही त्याचा मोठा आधार होतो. मात्र मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने जात असतानाही पाणी उकळत असेल, तर समोरून हवा भरपूर येतच असते, त्यामुळे दोष दुसरीकडे शोधावा लागतो: जाळीत साचलेला गाळ, झिजलेला वॉटर पंप, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), चुकलेले इग्निशन टायमिंग किंवा दाब न धरणारे रेडिएटरचे झाकण. अशा गाडीला पंखा लावणे म्हणजे मूळ दुखणे झाकून ठेवणे होय, आणि त्याची किंमत पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचे सील, जळण्याच्या रूपाने मोजावी लागते.

कारखान्यातून आलेला पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. गाडी उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरेच घेत असल्यामुळे पंखाही मंद फिरतो, आणि महामार्गावर त्याची गरज नसताना तो जोरात फिरून जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाची थोडी ताकद खातो. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणेघेणे नसते.

आता पंख्याची निवड. आपल्याकडच्या मेस्त्रींची पहिली पसंती मारुती ८०० च्या पंख्याला असते आणि ती योग्य आहे, कारण तो आटोपशीर असतो, सहज मिळतो आणि त्याच्याभोवती स्वतःचे आवरण असते. हे आवरण काढून टाकू नका. ते असल्यामुळेच पंखा फक्त स्वतःच्या पात्यांसमोरची नव्हे, तर जाळीच्या बऱ्याच मोठ्या भागातून हवा ओढतो. भंगार बाजारातून घेत असाल, तर पाते हाताने फिरवून बेअरिंगमध्ये खडखड आहे का ते पाहा आणि बॅटरीवर चालवून तो किती अँपिअर घेतो ते मोजा.

पंखा शक्यतो जाळीच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा म्हणून बसवावा. त्यासाठी मूळ पंखा काढल्यावर जाळी आणि वॉटर पंपाची पुली यांच्यामध्ये किती अंतर उरते ते आधी मोजा. इंजिन रबरी माउंटिंगवर असते आणि जोरात ब्रेक लागल्यावर किंचित पुढे सरकते, म्हणून नव्या मोटरच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. ती मिळत नसेल, तर पंखा जाळीच्या पुढे बसवून हवा ढकलता येते. पण मग धावत्या गाडीत त्याचाच अडसर होतो. शिवाय ओढणारा पंखा पुढे नेऊन नुसत्या तारा उलट जोडल्या, तर मोटर उलटी फिरते खरी, परंतु पात्याचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असल्यामुळे हवा फारच कमी मिळते.

मूळ पंखा काढताना एका गोष्टीची काळजी घ्या. अनेक गाड्यांमध्ये पंखा आणि पुली यांना एकच बोल्ट धरून ठेवतात. पंखा निघाला की तेच बोल्ट लांब पडतात आणि पुली घट्ट न होताच तळाला टेकतात. तेथे योग्य जाडीचे वॉशर किंवा आखूड बोल्ट वापरावेत.

आता कॅमेरा जाळीजवळ आणतो. या चपट्या पितळी नळ्या आणि त्यांच्यामधली ही तांब्याची पातळ पाने पाहा. बाजारात प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या जाळीतून आरपार ओवून पंखा बांधला जातो. कृपया असे करू नका. इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे हादरे यांनी ती पट्टी नळीवर घासत राहते आणि नळीला भोक पडते. पंख्याचे वजन जाळीवर मुळीच येता कामा नये. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे दोन आडवे तुकडे घ्या, ते रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीत आधीपासून असलेल्या भोकांत बसवा, जोडाला रबरी बुश घाला आणि सैल न होणारे नायलॉकचे नट वापरा. आवरणाची कड आणि जाळी यांच्यामध्ये फोमची पट्टी लावली की घासणेही थांबते आणि फटीतून हवाही निसटत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक जण येथेच घाई करतात. असा पंखा साधारण सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुपटीहून अधिक. रात्री ४५ वॅटचे दोन दिवे सुमारे साडेसात अँपिअर घेतात, इग्निशनला तीन-चार लागतात, म्हणजे वीसच्या घरात बेरीज जाते. गाडीला वीज तयार करणारा जुना डायनमो असेल, तर संथ फेऱ्यांवर तो जवळजवळ काहीच वीज देत नाही, आणि पंख्याची गरज तर नेमकी त्याच वेळी असते. सगळा भार बॅटरीवर पडतो आणि तासाभराच्या कोंडीनंतर गाडी सुरू होईनाशी होते. म्हणून डायनमोच्या गाडीत आधी अल्टरनेटर, म्हणजे संथ फेऱ्यांवरही वीज देणारे यंत्र, बसवून घ्यावा आणि पंखा त्यानंतर. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यांत ते न बदलता अल्टरनेटर जोडला तर तो तत्काळ जळतो.

वायरिंगमध्ये रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवाच. बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची तार काढा, बॅटरीच्या अगदी जवळ २० अँपिअरचा फ्यूज घाला आणि ती रिलेच्या ३० क्रमांकाला द्या. ८७ वरून पंख्याला, ८६ वर इग्निशनची तार आणि ८५ वरून थर्मो स्विचमार्गे (ठरावीक तापमानाला आपोआप चालू-बंद होणारा स्विच) अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोड. पंख्याची अर्थिंगही तितक्याच जाड तारेने स्वच्छ खरवडलेल्या लोखंडाला जोडावी.

थर्मो स्विच ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा घ्या. तो थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वरचाच असावा, नाहीतर पंखा कधी थांबणारच नाही. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत, धातूचा जोडतुकडा घालून त्यात स्विच बसवता येतो. हा तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असतो, त्यामुळे एकच तार जोडायचे टोक असलेल्या स्विचला अर्थिंग मिळत नाही, म्हणून त्या तुकड्याला वेगळी तार जोडावी लागते. पंखा फिरतच नाही अशा तक्रारीत मी सर्वप्रथम हीच तार तपासतो.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून तिची नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात असणे आवश्यक आहे. त्यामुळे चौकटीला नवे भोक पाडू नका, आणि मूळ पंखा, डायनमो व बोल्ट लेबल लावून जपून ठेवा.

शेवटी चाचणी. गाडी सावलीत उभी करून इंजिन संथ चालू ठेवा, पंखा सुरू होईपर्यंत काट्याकडे पाहत राहा, आणि तो सुरू होताच दिवे लावून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. अल्टरनेटर असताना ते १३ च्या वर राहायला हवे. कागदाचा कपटा जाळीच्या पुढच्या बाजूला धरा. तो जाळीला चिकटला तर हवा योग्य दिशेने जात आहे. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा आणि फ्यूजच्या बैठकीला हात लावून पाहा. ती गरम लागली, तर तेथील जोड सैल आहे, तो उघडून नव्याने करावा.