एका फुटाचा फरक: तोक्योची इनोकाशिरा लाइन

शिबुया स्टेशन, तोक्यो. सकाळची गर्दी एका रुंद पुलासारख्या मार्गिकेतून चाललीय. डाव्या-उजव्या बाजूला बघायला कुणाला सवड नाही. आणि भिंतीवर? ३० मीटर लांबीचं चित्र, जपानी चित्रकार तारो ओकामोतोचं. अणुबाँब फुटला तो क्षण, मधोमध जळणारा सांगाडा. २००८ पासून ते इथे आहे. लोक त्याच्यासमोरून जातात आणि इनोकाशिरा लाइनची गाडी पकडतात.

फलाट दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आहे. गाडी सुटते आणि काही क्षणांत बोगद्यात शिरते. आपल्याला वाटतं, गाडी खाली उतरली. तसं नाही. शिबुया दरीत वसलंय, नावातच दरी आहे. इथे जमीनच वर येते आणि गाडीला गिळते.

पहिलं स्टेशन शिन्सेन. बोगद्याच्या तोंडाशी चिकटलेलं, इतकं आखूड की कित्येक वर्षं इथे काही डब्यांची दारं उघडतच नसत. चुकीच्या डब्यात बसलात तर उतरायचं पुढच्या स्टेशनात. १९९०च्या दशकात फलाट वाढला तेव्हा ही कटकट मिटली.

शिबुया ते किचिजोजी. १२.७ किलोमीटर, १७ स्टेशनं, बस्स. तोक्योतल्या अनेक खासगी उपनगरी लाइन पुढे भुयारी मेट्रोत घुसतात. एकच गाडी दोन-तीन कंपन्यांच्या रुळांवरून शहर पार करते. इनोकाशिरा मात्र कुठेच घुसत नाही. इकडे भिंत, तिकडे भिंत, मध्ये पाच डब्यांच्या गाड्यांची ये-जा.

पण हिला इतकंसंच राहायचं नव्हतं. हे बघायला मेइदाइमाए स्टेशनाजवळ यावं लागतं. ट्रॅक इथे खोल खणलेल्या चरातून जातो आणि वरून तामागावा कालव्याचं पाणी नेणारा पूल आडवा जातो. पुलाखाली जागा मोजा. चार ट्रॅकची आहे. ट्रॅक दोनच. उरलेली जागा १९३० च्या दशकापासून तशीच पडून आहे.

ती ज्या गाडीसाठी ठेवली, ती गाडी आलीच नाही. १९२७ साली एका कंपनीने परवाना मिळवला होता. यामानोते ही तोक्योची प्रसिद्ध गोल लाइन. तिच्या बाहेरून आणखी एक वळसा, साधारण ५० किलोमीटरचा. ओइमाचीपासून निघून मेइदाइमाए, नाकानो, किता-सेंजू करत पूर्वेला सुझाकीपर्यंत. बेत मोठा होता, वेळ वाईट. त्याच वर्षी जपानात बँका बुडाल्या, मागोमाग जागतिक मंदी. वळसा कागदावरच राहिला. शिबुयाहून निघणाऱ्या एका छोट्या फाट्याचा परवाना हाती होता, तेवढा मार्ग बांधून झाला. कंपनीचं नाव तेइतो, म्हणजे 'सम्राटाची राजधानी'. नाव केवढं, लाइन केवढी!

१ ऑगस्ट १९३३ ला पहिली गाडी धावली. पुढची पंधरा वर्षं मालक बदलण्यात गेली. १९४० मध्ये ही लाइन ओदाक्यू या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या घरात आली. १९४२ मध्ये युद्धकाळच्या एकत्रीकरणात ओदाक्यूसकट तोक्यू या कंपनीच्या मोठ्या छत्राखाली.

मग २५ मे १९४५. हवाई हल्ल्यात एइफुकुचो स्टेशनाजवळचं कारशेड जळालं आणि बहुतेक गाड्या तिथेच उभ्या होत्या. रूळ शाबूत, धावायला डबे नाहीत. शेजारून ओदाक्यूची लाइन जाते, तिचे रूळ याच मापाचे. घाईघाईने दोघींना जोडणारा एक छोटा ट्रॅक टाकला गेला आणि त्यावरून डबे आणले गेले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी तो उखडला. तेव्हापासून इनोकाशिराला बाहेरची वाट नाही. आज नवा डबा आला तर ट्रेलरवर लादून, रस्त्याने येतो.

१९४८ साली मोठं छत्र मोडलं, वाटण्या झाल्या. खरं तर ही लाइन ओदाक्यूकडे परत जायला हवी होती. पण केइओ कंपनी अडचणीत होती. युद्धाआधी तिचा वीजपुरवठ्याचा धंदा चांगला चालायचा. तो सरकारने काढून घेतला होता आणि एका रेल्वेवर पोट भरेना. म्हणून इनोकाशिरा केइओला दत्तक दिली. आता गंमत बघा. मेइदाइमाएला वरून केइओची मुख्य लाइन जाते, खालून इनोकाशिरा. मालक एक, स्टेशन एक. पण वरचे रूळ १३७२ मिलिमीटर रुंदीचे, खालचे १०६७. फरक बरोबर एक फूट. वरची गाडी खाली येऊ शकत नाही, खालची वर जाऊ शकत नाही. प्रवासी मात्र जिना उतरून दिवसभर बदलतात.

डिसेंबर १९७१ पासून या लाइनवर फास्ट गाड्या आहेत. शिबुया, शिमो-किताझावा, मेइदाइमाए, एइफुकुचो, कुगायामा, किचिजोजी, एवढेच थांबे. दोन टोकांमधलं अंतर फास्ट पाव तासाहून जरा जास्त वेळात कापते. आणि स्लो गाडी बाजूला घेऊन फास्टला पुढे सोडतात ते कुठे? एइफुकुचोलाच. जिथे एके काळी कारशेड होतं, तिथे आता चार ट्रॅक आहेत. स्लोमधले लोक दार उघडताच समोरच्या फास्टमध्ये उडी मारतात. काही जण जागचे हलत नाहीत. त्यांचं स्टेशन फास्ट घेत नाही.

गाड्यांना रंग सात. १९६२ साली स्टेनलेस स्टीलचे डबे आले तेव्हा अंगाला रंग लावायची गरज उरली नाही, फक्त तोंड रंगवलं: फिकट निळं, जांभळं, सॅमन गुलाबी, मोतिया. त्या गाड्या २०११ मध्ये निवृत्त झाल्या, सात रंग नव्या गाड्यांवर आले. रोजची वेळ तीच, रोजचा डबा तोच. रंग कोणता, ते गाडी वळणावर दिसेपर्यंत कळत नाही.

जूनमध्ये, पावसाळा लागला की रुळांच्या दोन्ही उतारांवर हायड्रेंजिया फुलतात. जपानी नाव आजिसाइ. हिगाशी-मात्सुबारा स्टेशनात रात्री त्यांच्यावर दिवे सोडतात. निळसर गुच्छ, ओले रूळ, आणि मधून जाणारी गुलाबी तोंडाची गाडी.

ताकाइदो स्टेशनापासून कंदा नदी सोबतीला येते. फार मोठी नाही, काँक्रीटच्या काठांत बांधलेली. तिचा उगम शेवटून दुसऱ्या स्टेशनाशेजारी, इनोकाशिरा बागेतल्या तळ्यात आहे. एदोला, म्हणजे जुन्या तोक्योला, पिण्याचं पाणी याच तळ्यातून जायचं. बाग लोकांसाठी उघडली १९१७ साली. रेल्वे आली त्यानंतर सोळा वर्षांनी. सुरुवातीला लाइन इथेच संपायची. किचिजोजीपर्यंतचा उरलेला तुकडा जोडायला १ एप्रिल १९३४ उजाडला.

आता इथे फास्ट थांबत नाही. तळ्यावर यायचं असेल तर स्लो धरा.