वखारीतला भाव, शेअरमधला भाव

(दृश्य : सांगलीजवळचं कुपवाड, सॉ मिल)
लाकूड आणि कागदाचा लगदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे असतील, तर आधी इथं बघा. पात्यावर ओंडका चढतोय. पाइनचा, परदेशातून बंदरात उतरून इथवर आलेला. आधी कडेची सालपटं निघतात, मग चौकोन पाडतात, मग फळ्या. गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढायचा, म्हणजे बराच भाग फळी होतच नाही. बाजूचा हा ढीग त्याचाच. भुसा पोल्ट्रीवाले नेतात, तुकडे बॉयलरला जातात.

कॅनडात याच तुकड्यांच्या चिप्स होऊन लगद्याच्या कारखान्यात जातात. घरबांधणी थंडावली की फळीला गिऱ्हाईक राहत नाही आणि लाकडाची गिरणी बंद पडते. गिरणी बंद पडली की चिप्स आटतात. मग मागणी असूनही लगद्याचा कारखाना अडचणीत येतो. एक शेअर लाकडाचा, एक लगद्याचा, म्हणजे जोखीम वाटली गेली असं मानणाऱ्यांनी हा ढीग जरा निरखून बघावा.

(दृश्य : मार्केट यार्ड, हळदीचे सौदे)
सांगलीला तेजी-मंदी काय सांगायची? हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद भरून भावाची वाट बघणारी ही पेठ. लाकडाची तेजी-मंदीही तशीच.

मे 2021. शिकागोच्या वायदे बाजारात हजार बोर्ड फूट लाकूड 1,600 डॉलरच्या वर. बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड फळी. कोरोनाच्या धास्तीनं गिरण्यांनी उत्पादन कापलेलं, आणि घरी बसलेली अमेरिका घरं दुरुस्त करायला निघालेली. ऑगस्टमध्ये भाव 500 च्या आसपास. मधल्या काळात लाकूड कंपन्यांचा नफा इतका फुगला की पीई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट ते, तळाला दिसू लागला. अशा धंद्यात पीई सगळ्यात कमी दिसतो तो नफ्याच्या शिखरावरच. स्वस्त समजून घेणारे अडकले.

(दृश्य : बेदाण्याची खोकी, कोरुगेशन मशीन)
खोक्याचा हा तपकिरी क्राफ्ट कागद मुख्यतः रद्दीचा. थेट झाडापासून होणाऱ्या नव्या लगद्यात ब्राझीलचा निलगिरी साधारण सात वर्षांत तोडणीला येतो; कॅनडाच्या पाइनला कित्येक दशकं लागतात. पण झाडाइतकंच कर्जही बघा : आपली कागद बनवणारी बल्लारपूर इंडस्ट्रीज कर्जानं 2020 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

(दृश्य : पुन्हा सॉ मिल, फळ्यांची थप्पी)
2025 मध्ये कॅनडाच्या बहुतेक लाकडावर अमेरिकेनं लावलेलं शुल्क 45 टक्क्यांच्या घरात गेलं. पण वेस्ट फ्रेझर, कॅनफोर या कॅनडाच्या कंपन्यांच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिण भागातही आहेत, आणि तिथल्या फळीला हे शुल्क नाही. कुठली गिरणी कुठं, ही यादी वार्षिक अहवालात असते. भावाच्या आलेखाआधी ती उघडा.