काउन्सेलिंगचा पहिला महिना

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे तीनला डोळा उघडतो आणि मग काही केल्या मिटत नाही. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तर तो चोख येतो. डॉक्टर सांगतात, "टेन्शन घेऊ नका." पण ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. बेळगावात वडगाव-शहापूरच्या मागांच्या गल्ल्यांत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, अशी माणसं घरोघरी आहेत. काउन्सेलिंग, म्हणजे समुपदेशन, त्यांच्यासाठी आहे. ते सुरू कसं करायचं आणि पहिल्या महिन्यात काय घडतं, ते आज सांगतो.

आधी कोणाकडे जायचं ते बघू. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर. औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो आणि बोलून उपचार करतो. त्याची दिल्लीच्या पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. काउन्सेलर हा शब्द मात्र कोणीही पाटीवर लिहू शकतो. म्हणून शिक्षण कुठलं, किती वर्षं काम केलं आणि एका बैठकीची फी किती, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारून घ्या.

फी परवडत नसेल तर सरकारी वाट आहे. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्याची सेवा द्यायचा देशातला पहिला प्रयोग आपल्याच कर्नाटकात, बल्लारी जिल्ह्यात, 1985 साली सुरू झाला. आज बेळगावात बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ पाठवण्याची 'मनोचैतन्य' योजना आहे. खानापूर, चिक्कोडीकडच्या लोकांनी आपल्या दवाखान्यात कुठला मंगळवार ते आधी विचारावं, म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाया जात नाही. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ, तेही जवळ आहे. धारवाड म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर अजून कुलूपबंद इस्पितळ येतं. तिथं बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन, संध्याकाळी घरी परतता येतं.

आता भाषेचं. आपल्या भागात हा मोठा अडसर आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. बाजारात, बँकेत आपण कन्नड निभावतो. पण "जीव घाबरा होतो", "मन उडालंय", "आतून पोखरल्यासारखं वाटतं" हे कन्नडात किंवा इंग्रजीत सांगताना माणूस अडखळतो आणि शेवटी नुसतं "टेन्शन आहे" म्हणून गप्प बसतो. समोरच्याला मग उदासी कुठली, भीती कुठली, हे कळणार कसं? नाव नोंदवतानाच सांगा, "मला मराठीतून बोलायचंय." मराठी येणारं कोणी नसेल, तर घरी बसून मराठीत एक पान लिहा आणि ते वाचून दाखवणारं माणूस सोबत न्या. ते माणूस नवरा, सासू किंवा भाऊ नसलेलं बरं. दुखणं घरातल्या नात्याचंच असेल, तर घरचा दुभाषा नेमकं तेच वाक्य गाळतो.

त्या पानावर काय लिहायचं? त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, भूक कशी, कामावर किती खाडे झाले, दारू-तंबाखू किती, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि जगणं नको असं कधी वाटलं का. शेवटचं लिहायला हात थांबतो. तरी लिहा. आपण होऊन सांगितलं म्हणून कोणी पोलिसांत देत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त राखायचा हक्क दिला आहे. अपवाद थोडे आहेत. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरच्यांना कळवावं लागतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. चांगला काउन्सेलर हे पहिल्याच बैठकीत स्वतः सांगतो. त्यानं नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

बैठक साधारण पाऊण तासाची, आठवड्यातून एकदा. पहिली बैठक बहुतेक प्रश्नोत्तरांतच जाते आणि लोक निराश होऊन म्हणतात, "त्यांनी काहीच सांगितलं नाही." सल्ला देणारे गल्लीत पुष्कळ असतात, काउन्सेलरचं काम वेगळं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर कधी कधी आधीपेक्षा जड वाटतं, कारण दाबलेलं वर आलेलं असतं. पुष्कळ लोक इथंच सोडून जातात. जड वाटतंय हे पुढच्या बैठकीत तसंच्या तसं सांगा, तोही उपचाराचाच भाग आहे. चार बैठकांनंतर मात्र हिशेब मागायला हरकत नाही: आपण काय ठरवलं होतं, कुठवर आलो? आणि पटलं नाही तर माणूस बदला.

आता मन सावरायला लागलेल्या सवयींबद्दल. दारू, दिवसभर तोंडात तंबाखू, रात्री दोनपर्यंत मोबाईल, मुलांवर खेकसणं, या सगळ्यांनी आजवर काहीतरी काम केलेलं असतं. घटकाभर का होईना, डोकं शांत केलेलं असतं. म्हणून सवय उपटून काढायच्या आधी तिच्या जागी काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. नाहीतर पंधरा दिवसांत जुनीच परत येते.

दारूबाबत एक धोक्याची गोष्ट. जो रोज भरपूर पितो, त्यानं देवापुढं शपथ घेऊन एका रात्रीत सोडू नये. पहिल्या दोन दिवसांत हातपाय थरथरून फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. घरच्यांनी बाटली फोडण्याआधी डॉक्टर गाठावा.

श्वासाचा उपाय सोपा आहे, पण बहुतेकांचा चुकतो. नाकानं चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लोक घाबरल्यावर मोठमोठे श्वास भराभर घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि वाटतं की झटकाच आला. बाहेर सोडणं लांबवायचं, हे त्यातलं मर्म. आणि सराव बरं असतानाच करायचा. पोहायला कोणी पुरात शिकत नाही.

काळजी करू नका म्हणून काळजी जात नाही. तिला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, वही घेऊन, जेवणाआधी. झोपायच्या वेळी नको. दिवसभरात कारखान्याच्या थकलेल्या ऊसबिलाची किंवा मुलीच्या स्थळाची काळजी आली की एक ओळ टिपायची आणि म्हणायचं, सहाला बघू. सहाला त्या ओळींचे दोन भाग करायचे. ज्यावर उद्या काही करता येईल, त्यापुढं एकच काम आणि वेळ लिहायची. ज्यावर काही करता येत नाही, तिथं फक्त खूण. पहिले सात-आठ दिवस हे जमत नाही, मन ऐकत नाही. दोन आठवडे तरी द्या.

उदासीत काहीच करावंसं वाटत नाही. उमेद आली की करू म्हणून बसलात, तर ती येत नाही. आधी हातपाय हलतात, मग मन हलतं. दहा मिनिटं चालणं, ताईला फोन, परडं साफ करणं, असं एक छोटं काम ठराविक वेळी करा. करण्याआधी आणि नंतर मनाला शून्य ते दहा गुण द्या. दोनाचे तीन झाले तरी वहीत लिहा. काउन्सेलरला त्या आकड्यांतून पुढची वाट दिसते.

गोळ्या दिल्या असतील तर उदासीवरच्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणं आज शक्य नाही, त्यांनी टेलिमानसला फोन करावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि भाषांत मराठी आहे. नंबर लिहून घ्या: एक चार चार एक सहा. पुन्हा सांगतो, 14416. मरावंसं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच लावा, आणि घरात कीटकनाशकाचा डबा असेल तर तो शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवायला द्या. फोनवर काय बोलायचं सुचलं नाही, तर एवढंच म्हणा: "मला बरं वाटत नाही, आणि मला मराठीत बोलायचंय." पुढचं ते विचारतील.