मायकलचा हात थरथरत नाही

'द गॉडफादर' सिनेमाची सुरुवात. १९४५ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, कोर्लिओने या माफिया कुटुंबाच्या घरी लेकीचं लग्न चाललंय. आणि या गर्दीत धाकटा मुलगा मायकल येतो, उशिरा, अंगावर मरीनचा युनिफॉर्म, सोबत मैत्रीण के. महायुद्ध लढून आलेला, शिकलेला पोरगा. तो के हिला वडिलांचा एक किस्सा सांगतो, अंगावर काटा येईल असा, आणि वर लगेच सांगून टाकतो की हे माझे घरचे, मी तसा नाही. आणि तो मनापासून बोलतोय बरं का. १९७२ चा हा सिनेमा समजून घ्यायचा असेल तर ही गोष्ट आधी मान्य करायला लागते.

मग तो बदलतो कुठे? बहुतेक लोक रेस्टॉरंटचा सीन सांगतात, जिथे तो वडिलांच्या शत्रूंना गोळ्या घालतो, पण मला विचाराल तर तो त्याच्या आधीच बदललेला असतो, हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर.

वडिलांना गोळ्या लागल्यात. रात्री मायकल हॉस्पिटलमध्ये जातो तर सगळं रिकामं, पहारा नाही, माणूस नाही, नुसते लांबच लांब कॉरिडॉर. मारेकरी परत येणार हे त्याला कळतं. नर्सला घेऊन तो बाबांचा पलंग दुसऱ्या खोलीत ढकलत नेतो, मग त्यांच्या कानाशी वाकून सांगतो की मी आलोय, आता मी तुमच्यासोबत आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं आणि तो हसतो.

त्याच्या जरा आधी एन्झो आलेला असतो, बेकरीवाला, हातात फुलं घेऊन. लग्नाच्या दिवशी याच एन्झोला अमेरिकेत राहू द्या म्हणून त्याचा होणारा सासरा डॉनकडे, म्हणजे मायकलच्या वडिलांकडे, आला होता, ते आठवतं ना? दोघं बाहेर पायऱ्यांवर उभे राहतात, कॉलर वर, हात कोटाच्या खिशात, जणू आत बंदूक आहे. गाडी येते, जरा थांबते, निघून जाते. एन्झो सिगरेट काढतो पण हात इतके थरथरतायत की लायटर पेटतच नाही. मायकल त्याच्या हातातला लायटर घेतो, सिगरेट पेटवून देतो. आणि मग क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघतो. स्थिर आहे. एक शब्द नाही, पार्श्वसंगीताने समजावणं नाही, अल पचिनो फक्त बघतो, आणि हाच पचिनो स्टुडिओला नको होता, दिग्दर्शक कोपोला हटून बसले म्हणून राहिला!

त्यानंतरचं रेस्टॉरंट ऐका, नुसतं बघू नका. वडिलांवर हल्ला घडवणारा सोलोझो इटालियनमध्ये बोलतोय, खाली सबटायटल नाही, आणि गोळी झाडायच्या आधी ट्रेनचा कर्कश आवाज वाढत जातो. ट्रेन कुठेच दिसत नाही. आवाजाचं काम करणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी मायकलच्या डोक्यातला गोंधळ असा आवाजातून ऐकवलाय.

चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि बाहेर शत्रूंचे खून, हा सीन सगळ्यांना पाठ आहे, म्हणून तो सोडतो. मला त्याच्या आधीचा बागेतला सीन जास्त लागतो. हा सीन पटकथाकार रॉबर्ट टाउन यांनी लिहिला, टायटलमध्ये नाव नसताना. म्हातारा डॉन आणि मायकल बसलेत, बोलणं धंद्याचं, बैठक कोण घडवून आणेल त्याचं, मध्येच नातवाची चौकशी. आणि मग बाप कबूल करतो की हे मला तुझ्यासाठी कधीच नको होतं, वाटलं होतं तू सिनेटर होशील, गव्हर्नर होशील, पण वेळच पुरला नाही. ज्या बापाला वाचवायला पोरगा त्या रात्री पायऱ्यांवर उभा राहिला, तोच हे म्हणतोय, आणि पोरगा त्यालाच धीर देतो, पोहोचू आपण तिथे, बाबा.